पडद्यावरची कथा, खेळातला नियम

परवाना घेऊन तयार होणारे व्हिडिओ गेम मूळ चित्रपटाकडून नेमके काय घेतात आणि काय मागे ठेवतात, याचा ओळखीच्या उदाहरणांवरून घेतलेला वेध

चित्रपट गाजला की त्यातील नायक दप्तरावर, डब्यावर आणि टी-शर्टवर झळकू लागतो. या वस्तूंच्या रांगेत गेल्या चार दशकांत व्हिडिओ गेमही येऊन बसला आहे. चित्रपट, कॉमिक किंवा मालिकेच्या मालकाकडून पैसे देऊन हक्क घ्यायचे आणि त्या नावाने गेम बनवायचा, याला या व्यवसायात परवानाधारित गेम म्हणतात. मात्र दप्तर आणि गेम यांत एक मूलभूत फरक आहे. दप्तरावर चित्र छापले की काम संपते. गेममध्ये खेळणाऱ्याला काहीतरी करावे लागते आणि ते काय करावे, हे कुणीतरी ठरवावे लागते. मूळ कथेचा वारसा चालतो की नाही, हे या ठरवण्यावर अवलंबून असते.

सापशिडीचा धडा

हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. आपल्या घराघरांतील सापशिडी ज्या पटखेळांच्या कुळातून आली, त्यांपैकी एक म्हणजे मोक्षपट. मराठी परंपरा त्याचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात कोल्हारवरून पुढे वाहत जाणारी प्रवरा ज्या नेवाशाला पोहोचते, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मोक्षपटाच्या कर्तृत्वाला ऐतिहासिक पुराव्याचा आधार नसला, तरी पटाची रचना विचार करण्याजोगी आहे. त्यावरील साप दुर्गुणांचे, शिड्या सद्गुणांच्या आणि अखेरचे घर मोक्षाचे. प्रवचनात जे ऐकायचे, ते येथे सोंगटीच्या चालीतून अनुभवायला मिळते. अहंकाराने माणूस खाली येतो, असे वाक्य पटावर लिहावे लागत नाही. सोंगटी खाली घसरते, एवढे पुरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडला गेला. सुरुवातीच्या विलायती पटांवरही नीतिबोध होता. पुढे तो पुसट होत गेला आणि छापील पुठ्ठ्याच्या रूपाने सापशिडी परत आपल्या घरी आली, तेव्हा तिच्यावर नुसते आकडे उरले होते. साप तेच, शिड्या त्याच. फक्त साप का चावतो, याचे उत्तर पटावरून नाहीसे झाले होते.

आजच्या परवानाधारित गेमकडे पाहतानाही हाच मापदंड उपयोगी पडतो. मूळ कृतीकडून मिळणाऱ्या वारशाचे तीन थर पाडता येतात. पहिला थर रूपाचा, म्हणजे चेहरे, पोशाख, नावे आणि संगीत. दुसरा रचनेचा, म्हणजे स्थळे, टप्पे आणि प्रतिस्पर्ध्यांचा क्रम. तिसरा थर अर्थाचा: कथेत ज्या गोष्टीला किंमत आहे, तिला खेळाच्या नियमांतही किंमत आहे काय? पहिला थर पैशांनी मिळतो. तिसरा मिळवण्यासाठी मूळ कृती नीट वाचावी लागते.

दोन टोके

जागतिक इतिहासात याची दोन टोके दाखवता येतात. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' १९८२ च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला. नाताळच्या विक्रीची वेळ साधण्यासाठी अटारी कंपनीचे हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना त्यावरील गेम पूर्ण करायला जेमतेम पाच आठवडे मिळाले. परग्रहावरील पाहुण्याने दूरध्वनीचे सुटे भाग गोळा करून घरी संदेश पाठवावा, ही कल्पना चित्रपटातूनच घेतलेली होती. परंतु प्रत्यक्ष खेळताना मुलांचा बहुतेक वेळ खड्ड्यांत पडण्यात आणि वर येण्यात गेला. मुलगा आणि पाहुणा यांच्यातील मैत्री, हा चित्रपटाचा प्राण, नियमांत उतरलाच नाही. न खपलेली काडतुसे न्यू मेक्सिकोतील आलमोगोर्डो येथे पुरण्यात आली. २०१४ मध्ये उत्खनन करून ती बाहेरही काढण्यात आली.

दुसरे टोक २०१४ मध्येच आलेल्या 'एलियन : आयसोलेशन' या गेमचे. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या 'एलियन'मध्ये एकच प्राणी संपूर्ण जहाजाला वेठीला धरतो. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६ च्या 'एलियन्स'मध्ये मात्र असे अनेक प्राणी आहेत आणि सैनिक त्यांच्यावर गोळ्या झाडतात. गोळीबार गेममध्ये आणणे सोपे, त्यामुळे अनेक वर्षे या मालिकेवरील गेम दुसऱ्या चित्रपटाच्या वाटेने गेले. ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने पहिल्या चित्रपटाकडे परत जायचे ठरवले. त्यांच्या गेममध्ये बहुतेक वेळ एकच प्राणी मागावर असतो आणि तो मारता येत नाही. कपाटात लपायचे, श्वास रोखायचा, आवाज टाळायचा. यंत्रांचे पडदे आणि बटणेही १९७९ च्या कल्पनेतली, जाड आणि ओबडधोबड ठेवली आहेत. एकाच मालिकेतील कोणत्या कृतीला आपण पूर्वज मानतो, यावर गेमचे स्वरूप किती बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

'स्टील'चा प्रवास : कथेपासून मोबाइलपर्यंत

या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी मुंबईच्या रिलायन्स समूहाच्या गेमचे उदाहरण येते. ते अधिक जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यामागे तीन पिढ्यांचा वारसा उभा आहे.

अमेरिकी लेखक रिचर्ड मॅथेसन यांनी १९५६ मध्ये 'स्टील' ही कथा लिहिली. माणसांच्या मुष्टियुद्धावर बंदी आली असून रिंगणात यंत्रमानव लढतात, अशी तिची कल्पना. केली हा जुना मुष्टियोद्धा आपला मोडकळीला आलेला यंत्रमानव घेऊन गावोगाव फिरतो. ऐन लढतीच्या दिवशी यंत्र बंद पडते. दुरुस्तीला पैसे नाहीत आणि लढल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. तेव्हा केली स्वतःच यंत्रमानवाचे सोंग घेऊन पोलादी प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहतो आणि मार खातो. १९६३ मध्ये 'द ट्वायलाइट झोन' या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी मॅथेसन यांनीच तिची पटकथा लिहिली. केलीची भूमिका ली मार्विन यांनी केली. माणसाचे शरीर आणि त्याची जिद्द यंत्रयुगात कुठे उभी राहते, हा या कथेचा प्रश्न होता.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये शॉन लेव्ही दिग्दर्शित 'रिअल स्टील' हा चित्रपट याच कथेच्या आधारावर आला. ड्रीमवर्क्स या हॉलिवूडमधील संस्थेत रिलायन्स समूहाने २००९ मध्ये मोठी गुंतवणूक केली होती आणि त्या भागीदारीच्या काळातील हा चित्रपट होता. त्यामुळे मोबाइलवरील गेम त्याच समूहाच्या रिलायन्स गेम्सकडे येणे स्वाभाविक होते. त्यांचा 'रिअल स्टील' हा पहिला गेम चित्रपटाबरोबर २०११ मध्ये आला. २०१३ मध्ये आलेला 'रिअल स्टील वर्ल्ड रोबोट बॉक्सिंग' हा फुकट उतरवून घेता येणारा गेम जगभरात कोट्यवधी फोनांवर पोहोचला. भारतीय कंपनीच्या परवानाधारित गेमला असे यश क्वचितच मिळाले आहे.

गेमने काय उचलले?

रूपाचा थर येथे भरभक्कम आहे. चित्रपटातील अॅटम, झ्यूस, नॉइझी बॉय, मिडास, ट्विन सिटीज हे यंत्रमानव गेममध्ये हजर आहेत. चित्रपटासाठी हे यंत्रमानव तयार करतानाच प्रत्येकाला वेगळी चण, रंग आणि चाल देण्यात आली होती. लढतींसाठी ख्यातनाम मुष्टियोद्धा शुगर रे लिओनार्ड यांचा सल्ला घेण्यात आला होता. गेमकर्त्यांना म्हणजे पात्रांची एक तयार फौजच मिळाली. एका मुलाला दुसऱ्याशी 'तुझ्याकडे कुठला आहे?' अशी चर्चा करायला लावणारा गुण चित्रपटाच्या आराखड्यातच होता.

रचनेचा थरही चित्रपटातूनच आला. चित्रपटातील अॅटम गावगन्ना अड्ड्यांपासून सुरुवात करून वर्ल्ड रोबोट बॉक्सिंगच्या झगमगत्या रिंगणापर्यंत चढत जातो. गेममधील पायऱ्या याच चढणीच्या आहेत. लढाई जिंकायची, बक्षीस मिळवायचे, आपल्या यंत्रमानवाची ताकद आणि वेग वाढवायचा, पुढच्या प्रतिस्पर्ध्याला सामोरे जायचे. चित्रपटात अॅटम भंगाराच्या ढिगात सापडतो आणि बाप-लेक त्याची डागडुजी करतात. या गेम-मालिकेत पुढे सुटे भाग जोडून स्वतःचा यंत्रमानव उभा करण्याची सोयही आली. ती या भंगारातल्या प्रसंगाचीच वंशज म्हणावी लागेल.

गेमने काय गाळले?

आता तिसऱ्या थराकडे वळू. चित्रपटात नायक चार्ली केंटन हा एके काळचा मुष्टियोद्धा आहे. यंत्रमानवांनी त्याचा पेशा संपवला. त्याचा एक यंत्रमानव, अँबुश, हातातल्या रिमोटवर चालतो. दुसरा, नॉइझी बॉय, तोंडी हुकमावर. अॅटमजवळ मात्र समोरच्या माणसाच्या हालचाली पाहून त्यांची नक्कल करण्याची क्षमता आहे. शेवटच्या लढतीत हुकूम ऐकण्याची यंत्रणा निकामी होते, तेव्हा चार्ली रिंगणाबाहेर उभा राहून स्वतः ठोसे मारतो आणि अॅटम ते ठोसे झ्यूसवर उतरवतो. रिमोटपासून आवाजापर्यंत आणि आवाजापासून शरीरापर्यंत, असा चित्रपटाचा प्रवास आहे. मॅथेसन यांच्या कथेत माणूस यंत्राच्या जागी उभा राहिला होता. चित्रपटाने तो धागा न तोडता माणसाला यंत्राशी जोडले.

गेम मात्र रिमोटच्या पायरीवरच थांबतो. खेळणाऱ्याचे बोट पडद्यावर फिरते. हलका ठोसा, जोरदार ठोसा, बचाव, खास डाव. चार्ली नाही, त्याचा मुलगा मॅक्स नाही, त्यांच्यातील दुरावाही नाही. चित्रपटात अॅटम पंचांच्या गुणांवर हरतो आणि तरीही प्रेक्षकांचा लाडका ठरतो. गेमच्या हिशेबात हरणे म्हणजे निव्वळ हरणे. सन्मानाने हरण्याला काही गुण द्यावेत, असा नियम त्यात नाही.

फुकट गेमचे अर्थकारणही येथे लक्षात घेतले पाहिजे. गेम उतरवायला पैसे लागत नाहीत; उत्पन्न येते ते खेळताना होणाऱ्या छोट्या-छोट्या खरेदीतून आणि जाहिरातींतून. तेव्हा दर काही पायऱ्यांनंतर आपला यंत्रमानव कमजोर वाटला पाहिजे, तरच तो सुधारण्याची इच्छा होणार. चित्रपट सांगतो की जुनाट, टाकून दिलेल्या यंत्रालाही जिद्दीने उभे करता येते. गेमचा व्यवहार मात्र जुने टाकून नवे, महाग यंत्र घेण्याकडे झुकतो. तो कुशलतेने बांधलेला आहे आणि खेळायला रंगतदारही आहे, यात शंका नाही. परंतु अॅटमचा चेहरा घेऊन तो अॅटमच्या नेमकी उलट शिकवण देतो, हेही तितकेच खरे.

रिलायन्स गेम्सच्याच २०१३ मधील 'पॅसिफिक रिम'मध्येही हे घडले. मूळ चित्रपटात प्रचंड यंत्रमानव चालवण्यासाठी दोन माणसांची मने एकरूप व्हावी लागतात. सगळी कथा या अटीभोवती फिरते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र खेळाडू एकटाच आपल्या बोटाने राक्षसाशी लढतो.

सिंघमची धाकटी पाती

याच समूहाचे दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक ओळखीचे आहे. २०१० मध्ये दिग्दर्शक हरी यांचा 'सिंगम' तमिळमध्ये आला. सूर्याने त्यात दुराई सिंगम रंगवला. २०११ च्या जुलैमध्ये रोहित शेट्टी यांनी तो हिंदीत आणताना नायकाला बाजीराव सिंघम हा मराठी फौजदार बनवले आणि कथा गोव्यात नेली. अशोक सराफ, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी हे मराठी चेहरे आले आणि 'आता माझी सटकली' हे मराठी वाक्य देशभर पोहोचले. प्रकाश राज मात्र दोन्हीकडे खलनायकच राहिले.

चित्रपटाची सुरुवात एका प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याच्या आत्महत्येने होते. भ्रष्टाचाराचा खोटा आळ त्याला सहन होत नाही. त्याच्या पत्नीचा न्यायासाठीचा लढा हा कथेचा पाया आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी किड्स वाहिनीवर 'लिटल सिंघम' ही मुलांसाठीची अॅनिमेशन मालिका सुरू झाली. मुलांसमोर आत्महत्या आणि खंडणी ठेवता येणार नव्हती. ती गाळणे योग्यच होते. त्यांच्या जागी मिरची नगर आले, शंबालासारखे खलनायक आले. खाकी गणवेश, मिशी आणि सिंहाच्या पंजाचा आवेश तेवढा कायम राहिला.

या मालिकेवर झपाक या रिलायन्सच्याच कंपनीने मोबाइल गेम काढला. तो अखंड धावण्याच्या प्रकारातला आहे: नायक आपोआप पळतो, खेळाडूने त्याला डावी-उजवीकडे वळवायचे, उडी मारायला लावायची, नाणी गोळा करायची. 'टेम्पल रन' आणि 'सबवे सर्फर्स' यांनी २०११-१२ पासून हा साचा जगभर रुजवला होता. म्हणजे या गेमचा चेहरा सिंघमचा असला, तरी नियम मुख्यतः या परक्या गेमांचे आहेत. चोरामागे धावणे पोलिसाला शोभते, तेवढ्यापुरता साचा जुळतो. उडुपीच्या ९९ गेम्सने २०१३ मध्ये 'धूम ३'साठी मोटारसायकलवरचा असाच गेम केला, तेव्हा तो अधिक सहज बसला, कारण मूळ चित्रपटाचा आत्माच पाठलागाचा होता. 'सिंघम'चा आत्मा पाठलागात नसून ठाम उभे राहण्यात आहे. पळत राहण्याच्या खेळात उभे राहायला जागा नसते.

चित्रपटातच गेम

वारशाची दिशा उलटी असलेले एक मुंबईकर उदाहरणही येथे नोंदवले पाहिजे. २०११ च्या दिवाळीतील 'रा.वन'ची कथाच मुळी एका व्हिडिओ गेमभोवती गुंफलेली होती. खेळाचे तीन टप्पे, शक्ती देणारे 'हार्ट' आणि शेवटच्या टप्प्यातच प्रतिस्पर्ध्याला संपवण्याची संधी, असे नियम पटकथेतच सांगितलेले होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सने सोनीच्या प्लेस्टेशनसाठी त्यावर गेम तयार केला. चित्रपटाने खेळाच्या भाषेकडून घेतले आणि गेमने ते चित्रपटाकडून परत घेतले. इतर परवानाधारित गेमांना नियम शोधावे लागतात. येथे कथेनेच ते हाती दिले होते.

असे का होते?

गेमकर्ते मूळ कृतीबद्दल उदासीन असतात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढील अडचणी खऱ्या आहेत. चित्रपटाची तारीख ठरलेली असते आणि गेम त्याच आठवड्यात लागतो. हक्काच्या मालकाची मंजुरी प्रामुख्याने चेहऱ्यामोहऱ्याला लागते. नायकाचा रंग चुकला तर आक्षेप येतो, कथेचा अर्थ चुकला तर सहसा येत नाही. हातातला फोन लहान, खेळणाऱ्याजवळ बसथांब्यावरची पाच मिनिटे. अशा वेळी आधीच चाललेला साचा उचलणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो. 'एलियन : आयसोलेशन'ला मूळ चित्रपटाच्या तारखेचे ओझे नव्हते, तो पस्तीस वर्षांनी आला. अर्थाचा थर उतरायला लागणारा वेळ त्याच्या कर्त्यांना मिळाला.

आपल्या दारातला प्रश्न

हा विषय केवळ गेमशौकिनांचा नाही. आज शहरातील अनेक मुले एखाद्या कथेला पुस्तकाच्या आधी आणि चित्रपटाच्याही आधी गेममधून भेटतात. त्यांच्यापर्यंत कथेचा कोणता थर पोहोचतो, हे पालकांनी पाहण्यासारखे आहे. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. नायकाचे नाव आणि कपडे बदलले तर खेळात काही फरक पडेल का, एवढे एकदा विचारून पाहावे. पडत नसेल, तर परवाना केवळ चित्राचा घेतला आहे.

मराठीपुरते बोलायचे तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा विचार करावा. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुस्तकांतून दूरदर्शन मालिकेत आणि २०१७ मध्ये चित्रपटात आला. उद्या त्याच्यावर गेम निघाला, तर त्याची सायकल दिसताच अखंड शर्यतीचा साचा हाताशी तयारच आहे; लिटल सिंघमच्या नावावर सायकल शर्यतीचा गेम येऊनही गेला. पण फेणे सायकलमुळे मोठा झालेला नाही. इतरांच्या नजरेतून सुटलेली बारीकशी गोष्ट त्याला दिसते, मग तोंडातून 'ट्टॉक' निघतो आणि तो नको तिथे नाक खुपसतो. त्याच्या गेममध्ये वेगाला कमी आणि पाहण्याला जास्त गुण असायला हवेत. भागवतांच्या वारसदारांकडून नावाचे हक्क मिळवता येतील. हा नियम मात्र पुस्तके वाचूनच शोधावा लागेल.